ब्रेडमेकर घेताना काय बघावं?

ब्रेडमेकर घ्यायचा म्हटलं की आधी प्रोग्रामची संख्या विचारली जाते. रोजच्या वापरात तीनच येतात: साधा ब्रेड, कणकेचा ब्रेड आणि नुसतं पीठ मळून फुगवणं. हा तिसरा असायलाच हवा. लादी पाव मशीनमध्ये होत नाही. पण पीठ त्यात तयार करून घेतलं की गोळे लावून ओटीजीत छान भाजता येतात.

मग घरातली माणसं मोजा. दोघातिघांना ५०० ते ७५० ग्रॅमचा ब्रेड पुरतो. घरचा ब्रेड लवकर कोरडा पडतो, उगाच मोठं मशीन घेऊ नका.

खरी परीक्षा कणकेची. चक्कीच्या कणकेला पाणी जास्त लागतं, कोंड्यामुळे ती कमीच फुगते. म्हणून तिला निवांत भिजू देणारा ‘होल व्हीट’ प्रोग्राम हवा, तो तीन-चार तास किंवा जास्तही चालतो. झटपट ब्रेडच्या ‘रॅपिड’ प्रोग्रामला भुलू नका, त्यात कणकेचा ब्रेड हमखास दडदडीत होतो. सुरुवातीला निम्मा मैदा मिसळा.

दुकानात झाकण उघडायला लावा आणि भांडं हातात घ्या. पातळ पत्र्याचं नको. पीठ मळणारं पातं ज्यावर बसतं तो तळाचा दांडा हलवून बघा, डुगडुगला तर ते मशीन सोडा. पीठ मळताना सगळा जोर त्याच दांड्यावर येतो आणि त्याचं सील झिजलं की पाणी गळायला लागतं. सुटं भांडं आणि पातं नंतर मिळेल का, हे पैसे देण्याआधीच विचारा. पात्यामुळे ब्रेडच्या बुडाला भोक पडतं, ते प्रत्येक मशीनमध्ये पडणारच.

वीज मध्येच गेली तर प्रोग्राम किती मिनिटं लक्षात राहतो, तेही विचारा. गावाकडे याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतून कुणी मशीन आणतो म्हणालं तर नको म्हणा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची.

रात्री टायमर लावून सकाळी गरम ब्रेड मिळतो, पण तेव्हा दूध-अंडी घालू नका, तासन्‌तास बाहेर राहून ती खराब होतात. यीस्ट पाण्यापासून लांब, कोरडंच राहू द्या. आधी पाणी की आधी पीठ, ते मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे.

मशीन घरी आलं की पहिल्या ब्रेडला मळणी सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून बघा. गोळा गुळगुळीत हवा. भांड्याला चिकटत असेल तर चमचाभर पीठ, कोरडा तुटत असेल तर चमचाभर पाणी घाला. भाजणं सुरू झालं की मात्र झाकणाला हात लावू नका.