मोबाईल नेटवर्कवर डेटा ट्रॅफिक वाढतच चाललाय, मग कपॅसिटी वाढवायची कशी आणि सुरुवात कुठून करायची

सेल (टॉवरवरच्या एका अँटेनाने सांभाळलेला भाग) भरला की लगेच दोन गोष्टी सुचतात, नवीन टॉवर टाका नाहीतर नवीन स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा हिस्सा) घ्या. दोन्ही कधी ना कधी करावंच लागतं, पण त्याच्या आधी करण्यासारखं इतकं काही असतं, आणि ते स्वस्तही असतं आणि लवकरही होतं, की ते सोडून थेट मोठ्या खर्चाकडे जाणं मला पटत नाही. नेटवर्क प्लॅनिंगमध्ये नवीन आलेल्यांसाठी हे लिहितोय, आणि ऑपरेटर लोक हे सगळं निभावतात कसं असा प्रश्न पडणाऱ्यांसाठीही.

सगळ्यात आधी सेल खरंच भरलाय का ते बघा. महिन्याला किती टेराबाईट डेटा गेला यावरून काहीच कळत नाही, कारण पहाटे तीनला तोच सेल रिकामा पडलेला असतो. कपॅसिटी लागते ती बिझी अवरला, म्हणजे सगळ्यात गर्दीच्या तासाला, आणि बिझी अवर प्रत्येक सेलचा वेगळा असतो, ऑफिसांच्या भागात दिवसा, राहत्या वस्तीत रात्री, स्टेशनजवळ सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे पूर्ण शहराचं अ‍ॅव्हरेज काढून बसू नका, सेलप्रमाणे आणि तासाप्रमाणे डेटा काढा.

त्या तासात दोन आकडे जोडीने बघायचे, पीआरबी युटिलायझेशन, म्हणजे सेलचे किती टक्के रिसोर्स ब्लॉक वापरात आहेत, आणि युजर थ्रूपुट, म्हणजे एकेका युजरला मिळणारा स्पीड. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई (४जी) कॅरियरमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमच्या एका पट्ट्यात, १०० रिसोर्स ब्लॉक असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा, आणि दर मिलिसेकंदाला शेड्युलर ठरवतो की कुणाला किती ब्लॉक द्यायचे. बरेच जण युटिलायझेशन ७०-८० टक्क्यांच्या वर गेलं की सेल भरला असं धरतात, पण नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका, कारण सेलमध्ये एकच माणूस मोठी फाईल डाऊनलोड करत असेल तरी शेड्युलर सगळे ब्लॉक त्यालाच देतो आणि आकडा १०० दिसतो, त्यात त्रास कुणालाच नसतो. त्रास तेव्हा असतो जेव्हा ब्लॉक भरलेत आणि त्याच वेळी एकेका युजरला मिळणारा स्पीड पडलाय, व्हिडिओ अडकायला लागलाय. असे सेल वेगळे काढले की यादी बऱ्यापैकी छोटी होते.

आता या यादीतल्या प्रत्येक सेलची सिग्नल क्वालिटी तपासा. हे काम बहुतेक वेळा शेवटी ढकललं जातं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. फोन नेटवर्कला सतत सीक्यूआय कळवत असतो, म्हणजे मला येणारा सिग्नल कितपत स्वच्छ आहे याचा आकडा, १ ते १५. एलटीईच्या ६४ क्वॅमच्या (सिग्नलमध्ये बिट भरण्याची एक पद्धत) टेबलप्रमाणे सीक्यूआय १ ला एका सिम्बॉलमागे, म्हणजे सिग्नलच्या एका छोट्या तुकड्यामागे, जेमतेम ०.१५ बिट जातात आणि १५ ला साधारण ५.५५. म्हणजे तोच व्हिडिओ बघायला खराब सिग्नलमधला युजर चांगल्या सिग्नलवाल्याच्या ३६ पट रिसोर्स खातो! सेल भरतो तो नुसत्या जास्त लोकांमुळे नाही, इमारतीच्या आतल्या खोलीत बसलेल्या किंवा दोन सेलच्या मधोमध अडकलेल्या थोड्याशा लोकांमुळे पण भरतो. कागदावर २० मेगाहर्ट्झचा कॅरियर दोन बाय दोन मायमोमध्ये (दोन्हीकडे दोन-दोन अँटेना) १५० एमबीपीएस देतो पण प्रत्यक्षात भरलेल्या सेलचं अ‍ॅव्हरेज ३०-४० च्या आसपास येतं, त्याचं मोठं कारण हेच. आणि ३० एमबीपीएस म्हणजे ३-४ एमबीपीएसचे एचडी व्हिडिओ किती जण एकदम बघू शकतील ते तुम्हीच मोजा.

क्वालिटी सुधारायची तर पहिलं हत्यार अँटेनाचा टिल्ट, म्हणजे तो खाली किती झुकलाय ते. उंच टॉवरवरचा अँटेना जरा जास्त वर बघत असेल तर त्याचा सिग्नल दोन-तीन सेल ओलांडून भलतीकडेच पोचतो, तिथल्या लोकांना डिस्टर्ब करतो आणि लांबचे कमजोर युजर स्वतःवर ओढून घेतो. असे ओव्हरशूट करणारे सेल टायमिंग अ‍ॅडव्हान्सच्या डेटावरून सापडतात, युजर किती अंतरावरून जोडलेत ते त्यात दिसतं. रिमोट टिल्ट असेल तर टॉवरवर चढावंही लागत नाही. फक्त एक काळजी घ्या, टिल्ट खाली आणला की कडेचं कव्हरेज जातं, म्हणून शेजारचा सेल ती जागा नीट घेतोय ना हे बघूनच करा, आणि एकदम चार डिग्री नको, थोडं थोडं करत जा.

मग लोड वाटा. एकाच साईटवर समजा ९००, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ असे तीन बँड चालू आहेत. ९०० चा सिग्नल लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, त्यामुळे सेटिंगकडे लक्ष दिलं नाही तर फोन तिथेच गर्दी करतात, आणि वरच्या बँडला भरपूर जागा असून ती रिकामी राहते. नियम साधा आहे, जो जवळ आहे आणि ज्याला वरचा बँड चांगला मिळतोय त्याला वर पाठवायचं, आणि खालचा बँड आतल्या आणि लांबच्या लोकांसाठी राखून ठेवायचा. हे आयडल मोडमधल्या (फोन नुसता पडून असताना) प्रायॉरिटीने पण करावं लागतं आणि कनेक्टेड मोडमधल्या (डेटा चालू असताना) लोड बॅलन्सिंगने पण, एकच करून सोडलं तर फोन वर-खाली उड्या मारत बसतात आणि बॅटरी जाते ती वेगळीच.

एवढं करूनही सेल भरलेलाच राहिला तर स्पेक्ट्रमकडे वळा, पण आधी तुमच्याकडे आहे तोच. जुन्या ३जीचा एक कॅरियर ५ मेगाहर्ट्झ अडवून बसतो, आणि तेवढ्याच जागेत ४जी किंवा ५जी बराच जास्त डेटा नेतात. रिफार्मिंग म्हणजे हेच, जुनी टेक्नॉलॉजी बंद करून ती जागा नवीनला द्यायची. त्याआधी व्हॉईस व्हीओएलटीईवर, म्हणजे ४जीवरूनच होणाऱ्या कॉलवर, गेलेला पाहिजे, आणि २जी बंद करत असाल तर त्यावर चालणारी मीटर, अलार्म, गाड्यांचे ट्रॅकर अशी यंत्रं कुठे कुठे आहेत ते शोधून काढलं पाहिजे, कारण त्यांचा मालक फोन करून तक्रार करत नाही, ती गपचूप बंद पडतात. कॅरियर वाढले की कॅरियर अ‍ॅग्रीगेशन चालू करा म्हणजे फोन एकाच वेळी दोन-तीन बँडवरून डेटा घेतो. ५जीमध्ये साडेतीन गीगाहर्ट्झच्या आसपास एकच कॅरियर १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो, एलटीईच्या पाचपट, त्यामुळे ज्यांच्याकडे ५जी फोन आहेत ते तिकडे गेले की ४जी आपोआप हलकं होतं. म्हणून तुमच्या एरियात ५जी हँडसेट किती आहेत हे आधी बघा, फोनच नसतील तर ५जी लावून ४जीचा भार कमी होणार नाही.

मॉड्युलेशनवर, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये जास्त बिट बसवण्यावर, फार विसंबू नका. ६४ क्वॅमवरून २५६ क्वॅमवर गेलं की ६ चे ८ बिट होतात, म्हणजे जास्तीत जास्त ३३ टक्के फायदा, आणि तोही ज्यांचा सिग्नल आधीच झकास आहे त्यांनाच. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये जे गणित मांडलं ते इथे आड येतं, बँडविड्थ दुप्पट केली की कपॅसिटी दुप्पट होते, पण सिग्नल दुप्पट केला तर फक्त थोडीशीच वाढते. म्हणून खरी उडी मॅसिव्ह मायमोने मिळते. ६४ ट्रान्समीटर आणि ६४ रिसीव्हरचा अँटेना तोच स्पेक्ट्रम एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांच्या युजरना वापरू देतो, प्रत्येकाकडे वेगळा बीम. युजर विखुरलेले असतील, वर-खाली मजल्यांवर असतील तर मस्त चालतं, सगळे एकाच दिशेला उभे असतील तर फायदा कमी. हा अँटेना जड असतो आणि वीजही बरीच खातो, टॉवरला वजन पेलतंय का आणि पॉवर प्लँट पुरतोय का हे ऑर्डर देण्याआधी तपासा, नंतर नाही. टीडीडी बँड (पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने) असेल तर शेजारच्या सगळ्या साईट्स वेळेने जुळलेल्या हव्यात, मर्यादा अधिक-उणे दीड मायक्रोसेकंदाची आहे, ती चुकली तर एकाचं डाऊनलिंक (टॉवरकडून फोनकडे) दुसऱ्याच्या अपलिंकवर (फोनकडून टॉवरकडे) जाऊन पडतं.

सेक्टर, म्हणजे टॉवरभोवतीच्या वर्तुळाचे भाग, वाढवणं हा जुना पण चांगला उपाय. तीनाचे सहा सेक्टर केले, ६५ डिग्रीचे अँटेना काढून ३३ डिग्रीचे लावले, तर नवीन जागा न शोधता कपॅसिटी वाढते. दुप्पट होत नाही, सेक्टर एकमेकांवर चढतात तिथे इंटरफेरन्स वाढतो.

यापुढे मात्र नवीन साईटच लागते. आजवर मोबाईल नेटवर्कची कपॅसिटी जी वाढत आली ती सगळ्यात जास्त सेल छोटे करत गेल्यामुळेच, तोच स्पेक्ट्रम थोड्या थोड्या अंतरावर परत परत वापरता येतो म्हणून. पण स्मॉल सेल (कमी पॉवरचा छोटा सेल) कुठे लावायचा त्यात चाळीस-पन्नास मीटरचा फरकसुद्धा महागात पडतो. ट्रॅफिकचा गठ्ठा नेमका कुठे आहे ते जिओलोकेशन डेटावरून काढा, सेल त्या गठ्ठ्याच्या मध्ये बसला तर मोठ्या टॉवरचा भार खरोखर उतरतो, बाजूला बसला तर तो नुसताच इंटरफेरन्स करतो. स्टेडियम किंवा मोठ्या सभेच्या जागी अपलिंक आधी मरतं, कारण तिथे प्रत्येक जण व्हिडिओ वर पाठवत असतो, त्यामुळे तिथे डाऊनलिंकचे आकडे बघून समाधान मानू नका. मोठ्या मॉल-ऑफिसांमध्ये इनबिल्डिंग सिस्टीम किंवा वायफाय, कारण हल्लीच्या कोटिंग केलेल्या काचा सिग्नल आतच येऊ देत नाहीत.

आणि हे सगळं करताना बॅकहॉल, म्हणजे टॉवरपासून मागच्या नेटवर्कपर्यंतची लिंक! रेडिओची कपॅसिटी तिप्पट केली आणि मागची मायक्रोवेव्ह लिंक जुनीच राहिली तर युजरला काहीच फरक पडत नाही, उलट शोधायला अवघड असा नवीन अडथळा तयार होतो, कारण रेडिओचे आकडे छान दिसत राहतात. फायबर नेता आलं तर फायबरच न्या. नाही जमलं तर ई बँड, ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गीगाहर्ट्झ, त्यावर १० जीबीपीएसपर्यंत जाता येतं, पण लिंक थोड्याच किलोमीटरची चालते आणि जोरदार पावसात पडते, म्हणून अंतर ठरवताना तिथल्या पावसाचा हिशोब धरा.

आता ट्रॅफिकच्या बाजूने बघू. मोबाईल डेटातला बहुतांश भाग व्हिडिओ आहे, त्यामुळे व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हर (व्हिडिओच्या प्रती जवळ साठवणारे) स्वतःच्या नेटवर्कमध्ये जितके जवळ बसवाल तितका कोअर (मधलं मुख्य नेटवर्क) आणि बाहेरच्या लिंकचा खर्च वाचतो, रेडिओचा मात्र वाचत नाही, हे लक्षात असू द्या. रेडिओवरचा भार बिटरेट कमी झाला तरच कमी होतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर नेटफ्लिक्सने युरोपात बिटरेट कमी करून आपला ट्रॅफिक साधारण २५ टक्क्यांनी खाली आणला होता, यावरून या बाजूला किती ताकद आहे ते कळतं. एव्ही१ सारखे नवीन कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) तेच चित्र कमी बिटमध्ये देतात, पण ते ऑपरेटरच्या हातात नाही. ऑपरेटरच्या हातात असतो तो प्लॅन. आयफोन आल्यावर नेटवर्क तुंबायला लागलं आणि जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टीने नवीन ग्राहकांसाठी अनलिमिटेड डेटा बंदच करून टाकला. मला विचाराल तर सरसकट कॅप लावण्यापेक्षा रिकाम्या वेळेचा डेटा सोडून देणं बरं, कारण रात्रीच्या तीनच्या डाऊनलोडने कुणाचंच काही बिघडत नाही. वायरलेस होम ब्रॉडबँड विकत असाल तर सेलनिहाय मर्यादा ठेवाच, एक घर मोबाईल युजरपेक्षा कितीतरी पट डेटा ओढतं, आणि नेमकं बिझी अवरला.

अंदाज बांधताना उलटं मोजत या. ट्रॅफिक वर्षाला ४० टक्के वाढत असेल तर दोन वर्षांत दुप्पट होतो, आणि नवीन साईटची जागा, परवानग्या, वीज, फायबर यातच कित्येक महिने जातात. म्हणजे ज्या सेलला वर्षभराने दम लागणार आहे त्याची फाईल आज उघडली पाहिजे.

काम झाल्यावर तपासायचं कसं, तर पीआरबी युटिलायझेशन खाली आलं का एवढंच बघू नका. बऱ्याचदा ते काही आठवड्यांत परत वर चढतं, कारण आधी स्पीड नाही म्हणून गप्प बसलेले लोक परत व्हिडिओ बघायला लागतात, प्लेअरही स्वतःहून क्वालिटी वाढवतो. यात अपग्रेड फसलं असं काही नसतं, दाबून राहिलेली मागणी बाहेर आलेली असते. तोच बिझी अवर घ्या, आठवड्याचे तेच वार घ्या, आणि युजर थ्रूपुट आधी आणि नंतर किती ते मांडा. आणि त्यातही अ‍ॅव्हरेज नको, सगळ्यात खालच्या दहा टक्के लोकांना किती मिळतंय ते बघा, आणि शेजारच्या सेलच्या खालच्या दहा टक्क्यांनाही.