कोल्हापूर ते नांदेड : हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि नांदेडचा श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधील कॅल्क्युलेटर यांच्या मदतीने दहा मिनिटांत काढता येते. दोन ठिकाणांमध्ये थेट विमान असो वा नसो, पद्धत तीच राहते.

प्रथम नकाशावरून धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. शहराचे घेऊ नयेत, कारण विमानतळ बहुधा गावाबाहेर असतो. कोल्हापूर १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व. नांदेड १९ अंश ११ मिनिटे उत्तर, ७७ अंश १९ मिनिटे पूर्व. येथे एक चूक फार सहज होते. एका अंशाची ६० मिनिटे असतात, म्हणून १६ अंश ४० मिनिटे म्हणजे १६.४० अंश नव्हे, तर १६.६७ अंश; एवढ्या गफलतीने विमानतळ नकाशावर सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

आता वजाबाकी करावी. अक्षांशांतील फरक २ अंश ३१ मिनिटे, म्हणजे १५१ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर थेट १५१ सागरी मैल मिळते. रेखांशांतील फरक १८२ मिनिटे आहे, परंतु रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे या आकड्याला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, येथे ०.९५ ने, गुणावे लागते. उत्तर येते १७३. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय लावले की कर्ण २३० सागरी मैल निघतो, त्याला १.८५२ ने गुणले की ४२६ किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या छोट्या पल्ल्यात या सोप्या रीतीने पडणारा फरक नगण्य असतो.

वेळेचे गणित मात्र अधिक काळजीने करावे. अनेक जण ताशी ८०० किलोमीटर हा जेट विमानाचा वेग धरतात आणि ३२ मिनिटे असे उत्तर काढतात. लहान विमानतळांवर बहुधा एटीआर-७२ सारखी पंख्यांची विमाने येतात आणि त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. त्या हिशेबाने ५१ मिनिटे होतात. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, त्याची सात-आठ मिनिटे. हवाई मार्ग सरळ रेषेत नसतो, त्याची चार-पाच. आणि जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची दहा मिनिटे धरावीत. तिकिटावर छापलेला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणून येथे सव्वा तास हाच अंदाज योग्य ठरतो.

शेवटी वाऱ्याचा विचार करावा. हिवाळ्यात वरच्या थरांत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे ईशान्येला नांदेडकडे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना समोरून येतो. विमानाच्या दिशेत ताशी ४० किलोमीटरची मदत मिळाली तर ५१ ऐवजी ४७ मिनिटे लागतात. तेवढाच विरोध झाला तर ५६. पुढचे विमान किंवा रेल्वे पकडायची असेल, तर जाण्याचा वेळ परतीसाठी तसाच न धरता दोन्ही बाजूंचे गणित वेगवेगळे मांडावे.