मॉनिटर झोपला अन उठतच नाही? बाजारात न्यायच्या आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पाचोऱ्यात आपलं छोटंसं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, लग्नपत्रिका असलं सगळं. दुपारी घरी गेलो, कळण्याची भाकर अन ठेचा खाऊन जरा आडवा झालो, साडेतीनला येऊन माऊस हलवला तर स्क्रीन काळी ती काळीच. कोपऱ्यातला नारिंगी दिवा लुकलुकतोय, मधेच एकदा 'पॉवर सेव्हिंग मोड' असं लिहून आलं अन गायब. कीबोर्ड बडवला, बटन दहा वेळा दाबलं, मॉनिटरला मागून दोन चापट्या पण दिल्या. शेजारचे आप्पा डोकावले अन निकाल देऊन मोकळे, "मॉनिटर मरी गया भो."

मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी मॉनिटर चादरीत गुंडाळला, सकाळच्या गाडीनं मांडीवर घेऊन जळगावला, डब्यात दोघांनी टीव्ही केवढ्याला पडला म्हणून विचारलं. तिथं दुकानातल्या पोरानं त्याच्या मशीनला लावला अन लगेच चित्र आलं, एकदम झकास. पोरगं माझ्याकडे बघतंय अन मी मॉनिटरकडे. रोग रेड्याला अन औषध पखालीला म्हणतात ना, तसं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, नारिंगी दिवा दिसला की मॉनिटर गेला असं समजणं. खरं तर तो दिवा सांगतोय की मी जागा व्हायला तयार आहे, मला करंट पण मिळतोय, फक्त मला कोणी चित्र पाठवत नाहीये. मॉनिटर आपल्या मनानं झोपत नाही. १९९३ साली व्हेसा नावाच्या संस्थेनं एक पद्धत ठरवून दिली, तिला डीपीएमएस म्हणतात, त्यात कम्प्युटर व्हीजीए केबलमधून (दोन स्क्रूची जुनी चित्राची केबल) जे दोन ताल पाठवत असतो, एक आडव्या ओळींचा अन एक उभा पूर्ण चित्राचा, ते दोन्ही बंद केले की मॉनिटरनं झोपायचं अन परत सुरू झाले की उठायचं. एचडीएमआय या नव्या केबलमध्ये तारेतली भाषा वेगळी, पण हिशोब तोच, सिग्नल बंद तर मॉनिटर झोपला. म्हणजे उठवणारा सीपीयू. आता तोच बेशुद्ध असला, किंवा त्याची हाक केबलमध्येच अडकली, तर मॉनिटर बिचारा काय करणार. दिवा अजिबातच लागत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बोर्ड, वायर, अडॅप्टर बघा. रंग कंपनीप्रमाणे बदलतो, कोणाचा निळा, कोणाचा पांढरा, पण झोपेतला बहुतेक नारिंगी नाहीतर लुकलुकणारा असतो.

मॉनिटर चांगला आहे का हे घरीच एका मिनिटात कळतं, मला आधी माहीत असतं तर तिकिटाचे पैसे वाचले असते. सिग्नलची केबल मॉनिटरमधून काढून टाका, फक्त करंटची वायर राहू द्या, मॉनिटर बंद करून चालू करा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असलं काहीतरी उमटलं, रंगीत चौकोन फिरला, की पॅनेल, मागचा उजेड, पॉवरची प्लेट सगळं बरं आहे. काहीच आलं नाही तर खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरपी मारा. आत फिकट अक्षरं दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय, अन तेव्हा मात्र मॉनिटर खरंच रिपेअरला न्यायचा.

दुसरी चूक, डायरेक्ट बोर्डाचं बटन बंद करणं. हे आपल्याकडे सगळेच करतात. आमच्याकडे एका शेतकरी दादांचा पीक विम्याचा फॉर्म अर्धा भरलेला असताना मी हेच केलं अन सगळं पहिल्यापासून भरावं लागलं, ते बाकावर बसून काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आधी कॅप्स लॉक दाबून बघा. भाचा पुण्याला असतो, फोनवर पहिला प्रश्न त्यानं हाच विचारला, "मामा, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का?" दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट अन बी ही चार बटनं एकत्र दाबायची, टुक असा आवाज येतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, नव्यानं सुरू होतो अन बऱ्याचदा स्क्रीन परत येते, उघडलेल्या फाईलीला धक्का न लागता. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म राहिला तर मशीन अडकलंय, मग सीपीयूचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा. बोर्ड सगळ्यात शेवटी.

केबलचं म्हणाल तर व्हीजीएचे दोन स्क्रू कोणी पिळतच नाही, नुसतं खोचून ठेवतात, अन झाडू मारताना टेबल हललं की निघाली. एचडीएमआयला तर स्क्रूच नसतो. एक गंमत सांगतो, व्हीजीएच्या १५ पिनांपैकी ९ नंबरची पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते, ती तुटलेली नाही, त्यासाठी केबल बदलायला पळू नका (मी पळालो होतो). वाकलेली पिन मात्र खरी अडचण. उंदरानं कुरतडलीय का तेही बघा, धान्याची पोती ठेवलेल्या खोलीत कम्प्युटर असला की हे होतंच.

पोर्टाची चूक तर शिकलेली माणसंही करतात. गेमसाठी पोरानं वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं अन केबल मात्र वर मदरबोर्डाच्याच (सीपीयूच्या डब्यातली मुख्य प्लेट) पोर्टात. कार्ड बसवल्यावर बऱ्याच मशीनमध्ये वरचं पोर्ट आपोआप बंद होतं. अन इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, तिथं वरच्या पोर्टातून जन्मात चित्र येणार नाही. केबल खालच्या कार्डात लावा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट कुठला आहे तेही बघा, केबल एचडीएमआयची अन मॉनिटर व्हीजीएची वाट बघत बसलाय असं होतं. पुसताना बोट लागून इनपुट बदलतो.

आता माझ्या मशीनचं खरं दुखणं काय निघालं ते. कूलर! आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरशिवाय बसणं शक्य नाही, अन मी कूलर लावला होता थेट सीपीयूच्या तोंडावर, बिचाऱ्याला पण गार वाटू दे म्हणून. कूलरची हवा गार असते पण दमट असते. महिनाभर ती ओल अन त्यात आपली काळ्या मातीची बारीक धूळ, रॅमच्या (मदरबोर्डात खोचलेली मेमरीची पट्टी) सोनेरी पट्ट्यांवर थर बसला. मशीन झोपेतून उठताना अडकायचं, पंखा फिरतोय, चित्र नाही, आणि बंद करून चालू केलं तर आतून लांब लांब बीप. बीपची भाषा मदरबोर्डाप्रमाणे बदलते, पण असा बीप आला की पहिला संशय रॅमवर घ्यायचा.

रॅम काढणं अवघड नाही, पण लोक इथं पण घोळ घालतात. प्लग काढायचाच, नुसतं बटन बंद करून चालणार नाही. प्लग काढल्यावर सीपीयूचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा, आत उरलेला करंट निघून जातो. मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर काढा, सोनेरी पट्ट्यांवर पोरांचं पांढरं मऊ खोडरबर हलकं फिरवा, शाईचं खरखरीत रबर नको, ते सोनंच खरवडतं. भुसा ब्रशनं झटका अन खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. ओलं फडकं नाही, थुंकी तर अजिबात नाही, हसू नका, बघितलंय मी.

अन ती पंक्चरवाल्याची हवा! सीपीयू गाडीवर टाकून पंक्चरच्या दुकानात न्यायचा अन कॉम्प्रेसरनं फुंकायचा, ही आपल्याकडची फेमस युक्ती. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, हवेबरोबर ते पण उडतं, अन पंखे इतके जोरात फिरतात की बेअरिंग जातं. मऊ ब्रश अन हातातला छोटा ब्लोअर पुरे, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं.

उन्हाचा दुसरा मार एसएमपीएसवर, म्हणजे सीपीयूला करंट पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर. आतले कपॅसिटर, छोट्या डब्यांसारखे असतात ते, त्यांचा ढोबळ नियम असा की १० डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. पत्र्याखालच्या दुकानात, भिंतीला चिकटवलेला सीपीयू, मागे जाळीवर बोटभर धूळ, मग दुसरं काय होणार. मदरबोर्डावर कुठल्या डब्याचं डोकं फुगलेलं दिसलं तर रॅम कितीही घासा, उपयोग नाही. पण एसएमपीएस किंवा मॉनिटर स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. २३० व्होल्टचा करंट आत सरळ केला की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठतो अन प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच बसून असतो.

लाईटचं तर काय बोलायचं. भुसावळजवळ दीपनगरला वीज बनते अन आपल्याकडे दुपारी पंखा बंद, असो. लाईट गेली-आली, गेली-आली चालू असेल तेव्हा लगेच मशीन लावायची नाही, दोन-चार मिनिटं थांबायचं. अन यूपीएसवर सीपीयू लावून मॉनिटर साध्या बोर्डावर ठेवू नका, लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करायची ती काय अंदाजानं? आप्पांकडे तसंच होतं, काळी स्क्रीन बघून ते दर वेळी मशीनच बंद करायचे.

हे सगळं करूनही फक्त झोपेनंतरच त्रास होत असेल, नव्यानं चालू केल्यावर चित्र नीट येत असेल, तर दुखणं सेटिंगमध्ये आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटमध्ये कम्प्युटर जागं करायची परवानगी आहे का बघा, तिथली टिक नसली तर बटनं बडवून काही होत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप असतं, ते काढून बघा, अन ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून टाका, कुठल्याही ड्रायव्हर अपडेटरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. मी दुकानात सरळ स्क्रीन १० मिनिटांनी बंद अन स्लीप 'नेव्हर' करून टाकलंय. वीज थोडी जास्त जाते, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीनला उठवत बसायचा वैताग नाही. रोज सकाळी तारीख-वेळ चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, तीन व्होल्टचा गोल सेल, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो.

अन शेवटी न्यायचंच झालं तर सीपीयू न्या, मॉनिटर घरी राहू द्या, तिथं मॉनिटर असतोच. जाताना एवढं कागदावर लिहून न्या, दिवा कुठल्या रंगाचा होता, केबल काढल्यावर 'नो सिग्नल' आलं का, कॅप्स लॉक चालत होतं का, बीप कसा वाजला. कूलर आता मी खिडकीत सरकवलाय, हवा माझ्या पाठीवर येते, सीपीयूवर नाही.