जीपीए कमी आहे, तरी पीए व्हायचंय? अर्जाची तयारी अशी करा

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीनं रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा पीए, व्हायचं ठरवलंय आणि जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी, २.८ वर अडकलाय. पहिल्या दोन वर्षांत ऑरगॅनिक केमिस्ट्रीनं आडवं पाडलं, पुढे गाडी रुळावर आली, पण आकडा काही हलेना. घरचे म्हणू लागतात, ‘जाऊ दे, दुसरं काहीतरी बघ.’ दुसरं बघायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

आधी खरा आकडा काढा

बहुतेक पीए कॉलेजांचे अर्ज कॅस्पा या एकाच यंत्रणेतून जातात आणि कॅस्पा जीपीए स्वतःच्या पद्धतीनं नव्यानं मोजते. तुमच्या कॉलेजनं जुना सी पुसून नवा ए लावला असेल, पण कॅस्पा दोन्ही धरते. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन; ए ला ४ गुण, सी ला २. चार क्रेडिटच्या विषयात आधी सी आणि परत देऊन ए मिळवला, तर त्या आठ क्रेडिटची सरासरी निघते ३.०. म्हणून कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर ३.१ बघून खूश झालेल्यांना कॅस्पात २.९ दिसू शकतो.

आता हिशेब. १२० क्रेडिट गुणिले जीपीए २.८, म्हणजे गुण झाले ३३६. त्यात २४ क्रेडिट सगळे ए मिळवून घातले तर ४३२ भागिले १४४, बरोबर ३.०. विज्ञानाचा जीपीए वेगळा मोजतात आणि तो लवकर वर चढतो. समजा विज्ञानाचे ५० क्रेडिट २.७ वर आहेत; तेच २४ ए विज्ञानाचे असले, तर तो ३.१२ होतो. आपल्याला नेमके किती ए लागतात हे कळलं, की निम्मी धडधड तिथेच थांबते.

मग विषय निवडा

सगळंच परत द्यायच्या भानगडीत पडू नका. प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयात डी किंवा एफ असेल तर तो परत द्यावाच लागतो, कारण बहुतेक ठिकाणी किमान सी हवा असतो. बाकी क्रेडिट नव्या, वरच्या पातळीच्या विषयांवर खर्च करा: बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, फिजिऑलॉजी. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं, पण तिथले विषय चालतात का ते प्रत्येक कॉलेजला आधी विचारा. नोकरी सांभाळून एका सत्रात दोनच विषय घेतले तरी चालेल. पाच घेऊन पुन्हा बी आणि सी आणले, तर हाती काय लागलं?

मास्टर्स केल्यानं पदवीचा जीपीए वाढत नाही, कारण तो वेगळा मोजतात. मोठी फी भरण्याआधी हे ध्यानात ठेवा.

रुग्णसेवेचे तास

पीएचा पेशा उभा राहिला तोच अनुभवावर. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली, ती नौदलात वैद्यकीय काम केलेल्या माणसांची. आजही काही कॉलेजं ५०० तास मागतात, काही १०००, काही २०००. जीपीए कमी असेल तर किमान आकड्यावर थांबू नका. सीएनए (नर्सचा मदतनीस), ईएमटी (अँब्युलन्समधला तातडीचा सेवक), मेडिकल असिस्टंट, फ्लेबॉटॉमिस्ट (रक्ताचे नमुने घेणारा) या कामांत रुग्णाला प्रत्यक्ष हात लागतो. सीएनएचं प्रशिक्षण आटोपशीर. केंद्रीय नियमानं किमान ७५ तासांचं. स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याचं, काम काही कॉलेजं रुग्णसेवेत धरतात, काही धरत नाहीत.

कॉलेजांची यादी

माझ्या मते कमी गुणांचे अर्ज सगळ्यांत जास्त इथेच वाया जातात. ज्या कॉलेजची किमान अट ३.० आहे तिथे २.९ चा अर्ज बहुधा कोणी उघडूनही बघत नाही. तुमचा निबंध कितीही सुंदर असो. काही कॉलेजं मात्र शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए बघतात. उशिरा सावरलेल्यांसाठी हीच खरी जागा. काहींची अट ३.० च्या खाली असते. वही घ्या आणि प्रत्येक कॉलेजसमोर लिहा: किमान जीपीए, विज्ञानाचा जीपीए, तास, आणि विषय किती वर्षं जुने चालतात.

अट सैल दिसली म्हणून लगेच भुलू नका. पीए अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एआरसी-पीए या संस्थेची मान्यता आहे का, ती कुठल्या प्रकारची आहे आणि मुलं पान्स या पीएच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेत किती पास होतात, हे बघा. निकाल जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक आहे.

शिफारसपत्रं आणि निबंध

मंडळात ओळखीचे डॉक्टर काका असतातच, आणि आईचा पहिला फोन त्यांनाच जातो. त्यांच्या ओळखीनं एखाद्या पीएबरोबर चार दिवस काम बघायला मिळालं तर उत्तमच. पत्र मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ‘मुलगी लहानपणापासून हुशार’ हे वाक्य तिथे कोणाच्या उपयोगाचं नाही. ज्या पीएनं किंवा नर्सनं तुम्हाला कामावर पाहिलंय आणि ज्या प्राध्यापकांनी अलीकडे ए दिलाय, त्यांना विचारा.

निबंधाला ५००० अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. गुण का घसरले हे दोन वाक्यांत सांगा: काय झालं, मग काय बदललं. रडगाणं नको, आणि प्रोफेसर वाईट होते हे तर मुळीच नको.

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांसाठी

तुमच्या गुणपत्रिकेचं डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ते गुण कॅस्पाच्या जीपीएत मिसळत नाहीत. बरीच कॉलेजं लागणारे विषय अमेरिकेतच केलेले मागतात. म्हणजे बी.एस्सी.चा सेकंड क्लास इथे तुमच्या वाटेत तितकासा येत नाही. पाटी जवळपास कोरी असते. मात्र एमबीबीएस किंवा बीएएमएस असलात तरी मान्यताप्राप्त पीए अभ्यासक्रम केल्याशिवाय पान्सला बसता येत नाही.

अर्ज कधी भरायचा

कॅस्पा एप्रिलच्या अखेरीस उघडते आणि अनेक कॉलेजं अर्ज येतील तसे बघत, जागा भरत जातात. कागदपत्रं तपासायलाही काही आठवडे जातात. म्हणून जूनपर्यंत अर्ज आत गेलेला बरा. पण शेवटचे आठ क्रेडिट ऑगस्टमध्ये संपणार असतील आणि त्यांच्याशिवाय आकडा २.९६ वर राहत असेल, तर ३.० मागणाऱ्या कॉलेजांचे अर्ज पुढच्या एप्रिलपर्यंत थांबवा. तोवर सीएनएच्या पाळ्या चालू ठेवा. आठवड्याला २० तास धरले तरी वर्षात हजार होतात.