बाटलीची मागची बाजू आधी

इन्फ्लुएन्सरच्या स्किनकेअर ब्रँडचं पॅकेजिंग डिझाइन करायचं काम पहिल्यांदा हातात येतं, तेव्हा सगळा जीव पुढच्या बाजूत अडकलेला असतो. लोगो, रंग, फीडचा मूड. क्लायंटलाही तेच बघायचं असतं. फसगत इथेच होते. मी ती पुरती भोगली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

30 मिलीच्या नेहमीच्या ड्रॉपर बाटलीचा व्यास साधारण 33 मिलिमीटर, म्हणजे घेर 104च्या आसपास. बाहेरचा खोका, म्हणजे कार्टन, नसेल तर एवढ्याशा पट्टीत वापरण्याची पद्धत, इशारे, बॅच नंबर, पत्ता, बारकोड आणि घटकांची पूर्ण यादी बसवायची. अमेरिकेत या यादीच्या अक्षरांची उंची किमान 1/16 इंच लागते. लेबलची एकूण जागा 12 चौरस इंचांहून कमी असेल तरच 1/32 चालते. युरोपात 30 महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या बहुतेक उत्पादनांवर उघड्या डबीचं चिन्ह टाकावं लागतं, उघडल्यावर किती महिने वापरायचं ते सांगणारं. आणि फॉर्म्युला बनवणाऱ्या केमिस्टची अंतिम यादी येते सगळ्यात शेवटी! प्रिझर्व्हेटिव्ह बदललं, सुगंध बदलला की दोन ओळी वाढतात आणि तुमची ती सुंदर मोकळी जागा जाते. माझं डिझाइन मंजूर होतं, मॉकअप, म्हणजे तयार बाटलीचं नमुना चित्र, रीलमध्ये झळकला होता, आणि मग यादी आली. फॉलोअर्सना सांगितलेली लाँचची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. भरडला जातो डिझायनर.

म्हणून आधी डायलाइन, म्हणजे लेबलच्या नेमक्या मापाचा आराखडा, मागवा. कच्ची यादी घ्या, चार ओळी जास्तीच्या धरा, मागची बाजू पूर्ण टाइप करा. खऱ्या आकारात प्रिंट काढून बाटलीला गुंडाळा आणि वाचून बघा. लोगो त्यानंतर.

घाबरू नका, रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल उजेडाने, हवेने खराब होतात, एवढं माहीत असलं तरी पारदर्शक काचेचा हट्ट तुम्ही मोडू शकता. आत हवा जाऊ न देणारा अपारदर्शक एअरलेस पंप सुचवा.

विकत मिळणाऱ्या मॉकअपवर माझा राग आहे. त्यात बाटली कधीच हातात नसते. प्रत्यक्षात बोटं लोगो झाकतात, चकचकीत पृष्ठभागावर रिंग लाइटचं वर्तुळ उमटतं. अमेरिकन मॉडेल हेली बीबरच्या ऱ्होड या स्किनकेअर ब्रँडने लिप टिंट अडकवायची जागा असलेलं फोन कव्हर काढलं, तेव्हा आरशातल्या सेल्फीत उत्पादन आपोआप दिसू लागलं. विचार असा कॅमेऱ्यापासून सुरू व्हायला हवा.

मेंटॉर हवाच असेल तर पोर्टफोलिओ तपासणाऱ्यांच्या मागे लागू नका. लेबल छापणाऱ्या प्रेसमध्ये जाऊन बसा. तेलकट सीरम ओघळल्यावर कुठली शाई पुसली जाते, हे तिथला माणूस प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, हातात घेऊन दाखवतो. तुमचे प्रश्न बाळबोध वाटले तरी विचारा, ही माणसं मनापासून शिकवतात.

आणि कोटेशनमध्ये एक ओळ घाला: मंजुरीनंतर फॉर्म्युला बदलला, तर लेबलची नवी मांडणी वेगळ्या दराने आणि वेगळ्या मुदतीत होईल. क्लायंट कुरकुर करेल. तरी ही ओळ काढू नका.