सुपर व्हिसासाठी आई-बाबांची फाइल लावताय? या चुका टाळा

माझ्या आई-बाबांचा कॅनडाचा सुपर व्हिसा पहिल्यांदा रिजेक्ट झाला आणि दुसऱ्यांदा मिळाला. दोन्ही वेळी माणसं तीच, पेन्शन तीच, घर तेच, माझी नोकरीपण तीच, बदलली ती फक्त फाइल. पहिली फाइल मी टोरांटोजवळच्या मिसिसागात बसून दोन वीकेंडमध्ये उरकली होती, ते कराडला, आणि त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "बाबा हे स्कॅन करून पाठवा, आई ते शोध" एवढंच. मला वाटत होतं आपल्याच आई-बाबांबद्दल वेगळं काय विचारायचं, सगळं तर माहितीये. पण नव्हतं माहिती. जवळपास प्रत्येक चूक तिथूनच झाली, फाइल त्यांच्या आयुष्याची होती आणि मी ती माझ्या आठवणीवर भरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सुपर व्हिसा म्हणजे कॅनडात राहणाऱ्यांच्या आई-बाबांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा, तो डिसेंबर २०११ पासून आहे, मल्टिपल एंट्री, जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत मिळतो आणि ४ जुलै २०२२ पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, आधी २ वर्षंच होती. बोलावणारा मुलगा किंवा मुलगी कॅनडाची सिटिझन किंवा पीआर (कायमचं राहायची परवानगी असलेली) लागते, वर्क परमिटवर असाल तर आई-बाबांसाठी साधा व्हिजिटर व्हिसाच करायचा. कायमच्या स्पॉन्सरशिपचा रस्ता वेगळा आहे, पण तिथली दारं बहुतेकांना बंदच आहेत, २०२४ आणि २०२५ ची निमंत्रणंसुद्धा ज्यांनी २०२० मध्ये फॉर्म भरून ठेवले होते त्यांच्यातूनच काढली. म्हणून सगळे सुपर व्हिसाकडे वळतात आणि मग पहिली चूक करतात.

पत्रात "आता इथेच राहतील" लिहिणं

सुपर व्हिसा कितीही मोठा असला तरी तो तात्पुरताच आहे, पीआर नाही. ऑफिसरला पटलं पाहिजे की ही माणसं मुदत संपल्यावर परत जातील. मी पहिल्या इन्व्हिटेशन लेटरमध्ये मनापासून लिहिलं होतं की बाबा रिटायर झालेत, दोघं तिकडे एकटेच असतात, आम्हाला बाळ होणार आहे आणि आता सगळे एकत्र राहू. एकेक वाक्य खरं होतं. पण वाचणाऱ्याला त्यात परत जायचं कारण कुठेच दिसत नव्हतं, आणि रिजेक्शनच्या पत्रात तेच आलं, मुदत संपल्यावर कॅनडा सोडाल याची खात्री वाटत नाही.

दुसऱ्या पत्रात मी साधं लिहिलं. किती महिन्यांसाठी येणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कधी जाणार आणि का. बाबांचा धाकटा भाऊ अन् ते मिळून शेती बघतात, आजी अजून आहे, तिची जबाबदारी दोघांवर आहे, राहता बंगला बाबांच्या नावावर आहे. यातलं काहीच नवीन नव्हतं, मला ते पहिल्यांदा लिहावंसंच वाटलं नव्हतं कारण माझ्या डोक्यात फक्त त्यांचं इकडे येणं होतं. पत्रात घरातल्या माणसांची नावं, जन्मतारखा, तुमचा पत्ता आणि सही लागते, आणि त्यांच्या पूर्ण मुक्कामाचा खर्च उचलण्याचं वचन स्पष्ट लिहावं लागतं. डेकेअर महाग आहे म्हणून आईला बोलावतोय असं कृपा करून लिहू नका. आजी नातीला सांभाळणारच, पण पत्र वाचून ऑफिसरला असं वाटता कामा नये की तुम्ही बिनपगारी माणूस आणताय.

नावं आणि तारखा: इथे मराठी फाइल सगळ्यात जास्त अडकते

तुमचं नातं सिद्ध करायला तुमचा जन्मदाखला लागतो, त्यावर आई-वडिलांची नावं असतात. आता माझ्या आईचं बघा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवीन नाव लिहिलं, तेच पुढे पासपोर्टवर आलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. आणि माझ्या जन्मदाखल्यावर? माझा जन्म आजोळी झाला, दवाखान्यात नाव मामाने सांगितलं आणि मामाच्या तोंडात जे होतं तेच लिहिलं गेलं, म्हणजे माहेरचं नाव आणि पुढे सासरचं आडनाव. एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं, आणि मी ते तिन्ही कागद एका ओळीचाही खुलासा न देता अपलोड केले होते! आपल्याकडे कोणाला त्यात काही वाटत नाही, पण ऑटावात बसलेल्या माणसाला कसं कळणार की ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत.

यावर उपाय आहेत, फक्त वेळ लागतो. विवाह नोंदणीचा दाखला काढा, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जोडायला तो उपयोगी पडतो, जुन्या लग्नांची नोंदणी उशिरानेही करता येते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. नाव राजपत्रात बदललेलं असेल तर ती प्रत जोडा. आणि हे सगळं उलगडून सांगणारं एक पानाचं पत्र सोबत लावा, कुठल्या कागदावर कुठलं नाव आणि का, बस. ते एक पान मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असं मी आजही म्हणेन.

तारखेचंही तसंच. आपल्या आधीच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते बघा, मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली ती. बाबांचीही १ जून. घरात वाढदिवस तिथीने करतात तो वेगळ्याच महिन्यात येतो. १ जूनमुळे काही बिघडत नाही, सगळ्या कागदांवर तीच असली की झालं. बिघडतं ते असं की फॉर्म कोणी कुंडलीवरून भरतं आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघालेला असतो. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, वेलांटी-उकाराच्या स्पेलिंगसकट.

जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं स्त्री किंवा पुरुष, ते एकदा काढून बघा. नाव घालून घ्यायला नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत हेलपाटे होतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

फॅमिली इन्फर्मेशनचा फॉर्म मी एकटीने भरला होता. त्यात आई-बाबांची सगळी मुलं लिहायची असतात, कुठेही राहत असोत, बोलणं असो नसो, हयात नसेल तर तसं लिहायचं. मी स्वतःला आणि भावाला लिहिलं. दुसऱ्या वेळी मी आईला व्हिडिओ कॉलवर ओळीओळीने फॉर्म वाचून दाखवला, तेव्हा त्या रकान्यावर ती थांबली आणि म्हणाली, अगं, तुझ्या आधीचा पण लिहायचा का? माझ्या आधी एक मुलगा झाला होता, आठ दिवसांचा होऊन गेला. मला अर्धवट माहीत होतं, घरात कोणी बोलत नाही. आम्ही लिहिलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, फॉर्म भरायला आई-बाबांना शेजारी बसवा, नाहीतर कॉलवर घ्या, पण एकटे भरू नका.

भाषांतर स्वतः करू नका

मराठी कागद असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं आणि ते घरच्यांनी केलेलं चालत नाही, तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो. सर्टिफाइड ट्रान्सलेटर पाहिजे, नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि मूळ कागदाची प्रत सोबत. सातबारा तर असा कागद आहे की आपल्यालाच एका बैठकीत कळत नाही. आमच्या सातबाऱ्यावर चुलते-पुतणे धरून अकरा नावं आहेत, पहिल्या वेळी मी तो तसाच मराठीत टाकला होता. दुसऱ्या वेळी भाषांतर करून घेतलं, बाबांच्या नावावर खूण केली, क्षेत्र हेक्टर-आरबरोबर एकरातही लिहायला लावलं. फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती.

बँकेत अचानक पैसे

ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. फाइल लावायच्या पंधरा दिवस आधी मुलगा आई-बाबांच्या खात्यात पाचदहा लाख टाकतो, की बॅलन्स बरा दिसेल. स्टेटमेंट वाचणारा बॅलन्स बघतोच, पण पैसा आला कुठून तेही बघतो. महिन्याच्या महिन्याला जमा होणारी पेन्शन, जुन्या एफडी, त्यांचं व्याज, हे थोडं असलं तरी चांगलं दिसतं. मोठी रक्कम खरंच आली असेल, जमीन विकली, ग्रॅच्युइटी मिळाली, तर त्याचा कागद जोडा.

तुमच्या बाजूचं उत्पन्न लिको (LICO) नावाच्या, घरातल्या माणसांप्रमाणे किमान उत्पन्न सांगणाऱ्या तक्त्यावर मोजतात, तो दरवर्षी बदलतो म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरू नका, अर्ज करायच्या दिवशी कॅनडा सरकारच्या साइटवर बघा. आणि माणसं मोजताना आई-बाबांनाही धरायचं! मी, नवरा, मुलगी, आई, बाबा म्हणजे पाच. लोक तीन धरतात आणि तिथेच उत्पन्न कमी पडतं. एकट्याचं कमी पडत असेल तर नवरा किंवा बायको को-साइन करू शकते, दोघांचं मिळून धरतात. नोटिस ऑफ असेसमेंट (टॅक्स खात्याचं पत्र), टी-फोर (पगाराची टॅक्स स्लिप), नोकरीचं पत्र जोडायचं.

इन्शुरन्सचं कोटेशन म्हणजे इन्शुरन्स नव्हे

कमीत कमी १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, कॅनडात पाऊल ठेवल्यापासून निदान १ वर्ष चालणारं, आणि पैसे भरलेले किंवा निदान डिपॉझिट दिलेलं. नुसतं कोटेशन लावलं तर चालत नाही. २८ जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरच्या कंपनीचं पण चालतं पण ती कंपनी कॅनडाच्या फायनान्शियल रेग्युलेटरकडून मान्य असावी लागते, आपल्याकडचा एजंट "चालेल ओ" म्हणाला म्हणून घेऊ नका. विकत घेताना विचारा, व्हिसा नाकारला तर पैसे परत किती, आणि यायची तारीख पुढे गेली तर पॉलिसीची तारीख बदलता येते का, उत्तर ईमेलवर घ्या.

खरी मेख जुन्या आजारांत आहे. बीपी, शुगर असलेल्यांसाठी पॉलिसीत स्टेबिलिटी पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी सुरू व्हायच्या आधी ठरावीक दिवस आजार स्थिर पाहिजे, औषधात बदल नको. आता होतं काय की निघायच्या आधी आपणच म्हणतो, बाबा एकदा डॉक्टरांना दाखवून या, आणि डॉक्टर बीपीची गोळी बदलतात, आणि मग टोरांटोत हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली तर क्लेम अडतो. गोळी बदलायची गरज असेल तर बदललीच पाहिजे, तब्येतीपुढे काही नाही, पण मग तेवढे दिवस जाऊ द्या, नंतरचं तिकीट काढा. सुपर व्हिसावाल्यांना सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, जे आहे ते या पॉलिसीवरच.

मेडिकल फक्त पॅनल फिजिशियनकडे, म्हणजे कॅनडाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडे, घरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही, रिपोर्ट १२ महिने चालतो. घरात कोणाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर जुने कागद शोधून बरोबर न्या. एक्सरेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी लागते आणि कल्चरला ६ ते ८ आठवडे जातात. तिकीट त्याआधी काढू नका.

लपवू नका, एजंटलाही लपवू देऊ नका

फॉर्ममध्ये विचारतात, कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का. कुठल्याही, कधीही. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेने नाकारला असेल तरी हो लिहायचं आणि दोन ओळींत का ते सांगायचं. नाकारल्याने फाइल बुडत नाही, लपवल्याने बुडते, चुकीची माहिती दिली असं ठरलं तर ५ वर्षांची बंदी येते. आमच्या ओळखीच्या एकांच्या फाइलमध्ये एजंटने तिथे "नाही" लिहिलं होतं, त्यांना माहीतही नव्हतं कारण फॉर्म त्यांनी बघितलाच नव्हता, अकाउंटला ईमेल पण एजंटचाच. सही आई-बाबांची, तर जबाबदारीही त्यांची. पैसे घेऊन हे काम करायला कॅनडाचं लायसन्स लागतं, इमिग्रेशन कन्सल्टंटचं किंवा वकिलाचं, नंबर मागा आणि ऑनलाइन तपासा. ईमेल तुमचा ठेवा.

आणि नाकारला तर लगेच तीच फाइल परत टाकू नका. तुम्ही कॅनडात आहात, आई-बाबांच्या संमतीपत्रावर ५ डॉलरमध्ये ऑफिसरच्या नोट्स मागवता येतात. मी मागवल्या तेव्हा कळलं की नेमकं कुठे अडलं.

छोट्या पण महागात पडणाऱ्या

पासपोर्टची मुदत आधी बघा, व्हिसा पासपोर्टच्या पुढे जात नाही, दोन वर्षं उरलेल्या पासपोर्टवर १० वर्षांचा कसा मिळणार. रिन्यू करा, मग फाइल. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फी माणशी १०० डॉलर आणि बायोमेट्रिक ८५, पण गेल्या १० वर्षांत बायोमेट्रिक दिलं असेल तर आधी ते अजून व्हॅलिड आहे का तपासा, परत भरू नका. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर इथे आलेले असताना इथूनच सुपर व्हिसाचा अर्ज करता येत नाही, बाहेर असावं लागतं.

उतरल्यावर काउंटरवर आईच्या हातातल्या पिशवीत इन्शुरन्सचा कागद, इन्व्हिटेशन लेटर आणि माझा पत्ता-फोन मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती, चेक-इन बॅगेत नाही, हातात. सुपर व्हिसा आहे हे ऑफिसरला सांगायचं आणि कधीपर्यंत राहायची परवानगी दिली ते तिथेच विचारून घ्यायचं, कारण शिक्क्याखाली त्यांनी हाताने तारीख लिहिली तर तीच तुमची शेवटची तारीख, व्हिसावर काहीही छापलेलं असो. बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा दोघांचे पासपोर्ट उघडून ते पान बघितलं, फोटो काढला आणि फोनमध्ये मुदत संपायच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर लावला, कारण मुदत वाढवायची झाली तर ती संपायच्या निदान ३० दिवस आधी अर्ज जायला हवा.