प्रेसिडिओचा कोपरा: शाळेच्या प्रदर्शनासाठी मातीचा नमुना

उत्तर अमेरिकेतल्या स्पेनच्या सरहद्दीवर घोडेस्वारांची तटबंद ठाणी असत, त्यांना प्रेसिडिओ म्हणत. आजच्या ॲरिझोनातलं टूसॉनचं ठाणं १७७५ चं. कच्च्या विटांचा तट पुरा व्हायला १७८३ उजाडलं. एकेक बाजू जवळपास ७०० फूट, तेव्हा अख्खं ठाणं करायच्या फंदात पडू नका. बुरुजासह एकच कोपरा करा. प्रमाण १:२५. तटाच्या दोन भुजा ६०-६० सेंमी, उंची १२, जाडी ४.

खरं काम मातीचं. नुसती काळी माती घेतली की वाळताना आकसते आणि वीट तडकते. पडक्या घराची पांढरी माती घ्या: तिचे ३ भाग, चाळलेली रेती १ भाग, वर मूठभर गव्हाचं कुटार. कुटार चुरून घ्या, जाडं राहिलं तर एवढ्याशा विटेची कोर फुटते. गारा तुडवून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वीट ८×४×२ सेंमी. साचा दर वेळी पाण्यात बुडवा, नाहीतर वीट सुटतच नाही. दोन दिवस सावलीत, मग कडेवर उभ्या करून उन्हात. दीडेकशे लागतात, १८० पाडा.

रचताना विटेवर पाणी शिंपडा. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी शोषते आणि सांधा उघडतो. खालच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य यायला हवा.

बुरूज २० सेंमी चौरस, तटापेक्षा एक हात नाही तरी चार बोटं उंच. बहुतेक जण तो कोपऱ्याच्या आत बसवतात, तिथेच सगळं फसतं. तो बाहेर काढा. दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी आलेल्यावर तिथूनच गोळी झाडता येते.

आतून तटाला टेकून खोल्या, धाबं तटाच्या माथ्यापेक्षा ४ सेंमी खाली. धाब्यावर उभ्या शिपायाला तेवढाच आडोसा.

शिपाई साडेसहा सेंमीचा. अंगात बाह्या नसलेला, बाण अडवायला कातड्याचे थर शिवून केलेला जाड अंगरखा. मांजरपाटाचे तीन थर खळीत बुडवून तो जमतो. हातात ढाल, खराट्याच्या काडीचा भाला.

१७७२ च्या नियमावलीत शिपायामागे सहा घोडे, एक शिंगरू, एक खेचर. सगळे चौकात कोंबू नका. खोगीर कसलेला एक घोडा आत बांधा, तो रात्रंदिवस तयार ठेवायचा नियमच होता. बाकीचा कळप तटाबाहेर, राखणदारासह.